पिस्तूल, गळ आणि विमान : हेमिंग्वेच्या लेखनातील अंतराचा प्रश्न

अर्नेस्ट हेमिंग्वे (१८९९–१९६१) हा मराठी वाचकाला आणि आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला दीर्घकाळ परिचित असलेला लेखक आहे. परंतु त्याच्या शस्त्रप्रेमाविषयी आपल्या वर्गांतून आणि चर्चासत्रांतून जे बोलले जाते, ते बहुधा दोन ठरीव वाटांनी जाते. पहिली वाट उपहासाची. बंदुका, मासेमारी, युद्ध हा सारा पौरुषाचा देखावा आहे आणि शैलीच्या अभ्यासकाने तो बाजूला सारून वाक्यरचनेकडे वळावे, असे ती सुचविते. दुसरी वाट चरित्राची. १९१८ साली इटलीतील फोसाल्ता येथे झालेली जखम, १९२८ साली वडिलांनी केलेली आत्महत्या आणि १९६१ साली त्याने स्वतः केलेला शेवट या तीन बिंदूंना जोडणारी रेषा ओढली की सर्व साहित्य उलगडते, असे ती मानते. फिलिप यंग या समीक्षकाने १९५२ मध्ये जखमेचे सूत्र मांडले, तेव्हा त्याला निश्चितच मोल होते; पुढे मात्र ते सूत्र न राहता सबब बनले. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटा सोडून एक साधा प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे. हेमिंग्वेच्या लेखनात मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये किती अंतर असते आणि ते अंतर कोणत्या साधनाने ठरते?

हा प्रश्न पिस्तूल, गळ आणि विमान या तीन वस्तूंच्या आधारे पाहता येतो. तिन्ही वस्तूंवर हेमिंग्वेचे प्रेम होते, आणि ते जाणकाराचे प्रेम होते. वडील क्लॅरन्स हेमिंग्वे हे डॉक्टर; उत्तर मिशिगनमधील वॉलून सरोवराकाठच्या उन्हाळी घरी त्यांनीच मुलाला गळ टाकायला आणि बंदूक धरायला शिकविले. त्याच्या संग्रहातील शस्त्रांवर २०१० मध्ये तीन लेखकांनी मिळून एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. साहित्याच्या प्राध्यापकाला असा ग्रंथ वाचताना प्रथम संकोच वाटतो. पण हेमिंग्वेच्या पात्राच्या हाती ६.५ मॅनलिखर आहे की .५०५ गिब्स, हा तपशील ज्याला निरर्थक वाटतो, त्याला ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर’ (१९३६) ही कथाही अर्धीच कळते. हलकी बंदूक मोटारीत बसलेल्या पत्नीजवळ आहे आणि जड बंदूक धंदेवाईक शिकाऱ्याजवळ आहे, या वाटणीतच कथेचा शेवट दडलेला आहे. त्या कथेत मोटारीतून रेड्यांचा पाठलाग केला जातो; तो नियमबाह्य आहे हे शिकारी विल्सन जाणतो आणि मार्गोटही ते बोलून दाखविते. वाहन आले की शिकार बिघडते. हे सूत्र पुढे विमानाच्या संदर्भात फार मोठे होणार आहे.

प्रथम गळ. ‘इन अवर टाइम’ (१९२५) या संग्रहातील ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही दोन भागांची कथा घटनांच्या दृष्टीने जवळजवळ रिकामी आहे. निक ॲडम्स जळून गेलेल्या सेनी गावाच्या स्थानकावर उतरतो, चालत जातो, तंबू ठोकतो, नाकतोडे गोळा करतो, ट्राउट पकडतो. ही कथा युद्धावरून परतण्याविषयी आहे आणि तिच्यात युद्धाचा उल्लेख नाही, असे हेमिंग्वेने मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ‘अ मूव्हेबल फीस्ट’ (१९६४) मध्ये सांगितले आहे. त्यामुळे या कथेतील मौनाची चर्चा पुष्कळ झाली. ‘डेथ इन द आफ्टरनून’ (१९३२) मधील हिमनगाचा दृष्टान्त, म्हणजे एक अष्टमांश पाण्यावर आणि उरलेला पाण्याखाली, तर आता प्रश्नपत्रिकेतील हमखास प्रश्न झाला आहे. मला मात्र पाण्यावर दिसणाऱ्या एका लहानशा कृतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. लहान ट्राउट गळाला लागतो, तेव्हा त्याला सोडण्यापूर्वी निक आपला हात पाण्यात ओला करून घेतो. कोरड्या हाताने धरल्यास माशाच्या अंगावरील नाजूक बुळबुळीत आवरण निघते आणि त्या जागी पांढरी बुरशी चढते, हे त्याला ठाऊक आहे. पूर्वी गर्दीच्या नद्यांत असे मेलेले मासे त्याने पाहिलेले आहेत.

या कृतीला कोणी तंत्र म्हणेल, कोणी करुणा म्हणेल. हेमिंग्वेच्या लेखनात या दोहोंत फरक करता येत नाही, हेच माझे म्हणणे आहे. गळाची दोरी ही मारणाऱ्याला मरणाऱ्याशी जोडणारी वस्तू आहे. दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते हाताला कळते. माशाची ओढ, त्याचा थकवा, त्याचे वळणे. मासेमाराला अज्ञानाची सवलत नसते. ज्याला कळते त्याच्यावर जबाबदारी येते, आणि ती पार पाडण्याची रीत म्हणजेच तंत्र. आपल्याकडे तंत्र आणि नीती यांची खाती वेगळी ठेवण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे या कथेतील तपशील वर्णनाच्या सदरात टाकले जातात.

पिस्तुलाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. एप्रिल १९३५ मध्ये ‘पिलार’ या आपल्या बोटीतून बिमिनीकडे जात असताना गळाला लागलेल्या शार्कला मारण्याच्या गडबडीत हेमिंग्वेने स्वतःच्याच पायांत गोळी मारून घेतली. हाती .२२ चे कोल्ट पिस्तूल होते. गोळी पितळी पट्टीवर आदळून फुटली आणि उलटली. या प्रसंगावर त्याने ‘एस्क्वायर’ मासिकाच्या जूनच्या अंकात एक पत्रवजा लेख लिहिला. ‘एस्क्वायर’मधील ही पत्रे १९३३ पासून प्रसिद्ध होत होती. मार्लिन, शिकार, येऊ घातलेले युद्ध असे काहीही त्यांत येई. त्यांतील बरीचशी पुढे ‘बाय-लाइन’ (१९६७) या संकलनात आली. छंदिष्ट माणसाच्या गप्पांचा सूर असलेले हे लेखन आहे. त्यात बढाई आहे, विनोद आहे, आणि वस्तूंचे अचूक ज्ञान आहे. पायात गोळी लागल्याचे वर्णनही हसत हसत केलेले आहे. ज्या पुरुषाच्या वडिलांनी सात वर्षांपूर्वी पिस्तुलाने आत्महत्या केली होती, तो स्वतःच्या हातून सुटलेल्या पिस्तुलाच्या गोळीवर विनोदी पत्र लिहितो, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते. पण गद्य म्हणून ते पत्र त्या अस्वस्थतेला कुठेही वाट देत नाही, आणि म्हणूनच ते दुय्यम आहे.

जे पत्रात आले नाही ते कादंबऱ्यांत आले. ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९३७) ही कादंबरी एकंदरीत फसलेली आहे. तीन कथांचा सांधा तिच्यात नीट बसलेला नाही. तरीही तिच्या उत्तरार्धात श्रीमंतांच्या नौकांतून फिरणारे निवेदन आर्थिक मंदीत बुडालेल्या माणसांच्या आत्महत्यांकडे वळते, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांची नावे एका विलक्षण थंड वाक्यात येतात. सुबक, हाताळायला सोपी, निद्रानाशापासून कर्जापर्यंत सगळे मिटविणारी उपकरणे, असा त्या वाक्याचा रोख आहे. जाणकाराच्या कौतुकाची भाषा तीच आहे, पण तिचे टोक उलटे फिरले आहे. जाहिरातीची भाषा मृत्युपत्रासाठी वापरली जावी तसे हे वाक्य वाचले जाते. शस्त्रप्रेमी लेखकाने शस्त्राविषयी लिहिलेले याहून कठोर वाक्य मला त्याच्या अन्य लेखनात आढळत नाही.

या वाक्याला पूर्ण प्रसंगाचे रूप ‘फॉर हूम द बेल टोल्स’ (१९४०) मध्ये मिळाले. कादंबरीचा काळ १९३७ च्या मे महिन्याच्या अखेरीचा, स्थळ सेगोव्हियाजवळील डोंगर, अवधी सुमारे तीन दिवसांचा. पूल उडविण्याच्या आदल्या रात्री रॉबर्ट जॉर्डनला आजोबांचे पिस्तूल आठवते. अमेरिकन यादवी युद्धातील, .३२ चे, चापाला कडे नसलेले, अत्यंत मऊ चापाचे ते पिस्तूल. आजोबा ते तेल लावून जपत असत. वडिलांनी त्याच पिस्तुलाने जीव दिला, आणि चौकशी संपल्यावर अधिकाऱ्याने ते मुलाच्या हाती परत केले. मुलगा घोड्यावरून डोंगरात जातो, खोल सरोवराच्या काठच्या खडकावर चढतो, पाण्यात वाकून पाहतो. हातात पिस्तूल धरलेला आपला चेहरा त्याला शांत पाण्यात दिसतो. मग तो नळी धरून ते पाण्यात सोडतो आणि बुडबुडे काढीत दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो. सोबतचा मित्र कारण समजल्याचे सांगतो. मग त्यावर बोलण्याचे कारण उरत नाही, असे जॉर्डन त्याला म्हणतो.

हेमिंग्वेच्या आजोबांचेही यादवी युद्धातील पिस्तूल होते आणि वडिलांचा शेवट त्यानेच झाला, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. चरित्राची वाट येथे मोठा मोह घालते. परंतु प्रसंगाची बांधणी पाहावी. पिस्तूल पाण्यात सोडण्याची कृती गळ टाकण्याच्या कृतीची उलटी प्रतिमा आहे. खडक, सरोवर, पाण्यात वाकलेला माणूस, खोल जाणारी वस्तू, सगळे मासेमाराचे. फक्त दोरी नाही. जे खाली गेले ते पुन्हा ओढून घेता येणार नाही, अशी व्यवस्था मुलाने केली आहे. आणि तरीही चापाच्या मऊपणाची आठवण त्याच्या बोटांत शिल्लक आहे. द्वेष वाटावा अशा वस्तूच्या घडणीविषयीचा आदर तो लपवीत नाही. इतका प्रामाणिकपणा ‘एस्क्वायर’च्या पत्रांत नाही.

याच कादंबरीत पिस्तुलाने झालेला एक वध आहे. भल्या पहाटे बर्फातून आलेल्या घोडेस्वाराला जॉर्डन झोपण्याच्या गुंडाळीतूनच, दोन्ही हातांत धरलेल्या मोठ्या स्वयंचलित पिस्तुलाने मारतो. अंतर थोडे आहे. स्वाराचा तरुण चेहरा त्याला दिसलेला आहे. काही प्रकरणांनंतर तो मृताच्या खिशातील पत्रे वाचतो. मुलगा नाव्हारमधील ताफाया गावचा, बहिणीचे पत्र, वाग्दत्त वधूचे पत्र. सगळी पत्रे वाचणे त्याला जड जाते आणि आपण आजवर किती जणांना मारले याचा हिशेब तो स्वतःशी मांडू लागतो. पिस्तुलाच्या अंतरावर मारलेल्या माणसाला गाव असते. हे अंतर दोरीइतके जवळचे नाही, परंतु चेहरा दिसण्याइतके आहे, आणि चेहरा दिसला की हिशेब मागे लागतो.

आता विमान. वास्तविक पिस्तूल आणि विमान यांचा जन्मतः संबंध आहे. १९१४ मध्ये टेहळणीच्या विमानांतील वैमानिक एकमेकांवर पिस्तुले आणि बंदुका झाडीत. पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी सोडणारी मशीनगन १९१५ मध्ये आली. तेवीस वर्षांत अंतर किती वाढले ते गेर्निकाने २६ एप्रिल १९३७ रोजी दाखवून दिले. हेमिंग्वे त्या वेळी वार्ताहर म्हणून स्पेनमध्येच होता. कादंबरीच्या आठव्या प्रकरणात गुहेवरून हाइनकेल आणि फियाट विमानांच्या रांगा जातात. जॉर्डन ती मोजतो, त्यांच्या जाती ओळखतो. जाणकाराची सवय येथेही सुटत नाही. मग त्याला उपमा सुचते ती गल्फ प्रवाहातील रुंद परांच्या, टोकदार नाकाच्या शार्कची. आणि क्षणातच ती उपमा मागे घेतली जाते. ही विमाने शार्कसारखी हालत नाहीत, आजवर कोणतीच वस्तू अशी हाललेली नाही, यंत्रावर चढविलेल्या विनाशासारखी ती हालतात, अशा आशयाची वाक्ये येतात.

या माघारीकडे समीक्षेचे जितके लक्ष जायला हवे तितके गेले आहे असे वाटत नाही. गल्फ प्रवाहात वर्षानुवर्षे मासे मारलेल्या लेखकाजवळ हिंस्रतेचे सर्वांत विश्वासू मोजमाप शार्क हेच होते. शार्कला भूक असते, दिशा असते, ती हुकते. तिच्याशी माणसाचा काही व्यवहार होऊ शकतो. विमानासमोर हे मोजमाप अपुरे पडते, आणि निसर्गातून उपमा आणण्याची लेखकाची आयुष्यभराची सवय भर वाक्यात तुटते. शैलीचा अभ्यास करायचा तो अशा ठिकाणी करावा.

सत्ताविसाव्या प्रकरणात एल सोर्दोच्या टोळीचा शेवट होतो. टेकडीवर पाच माणसे, मेलेल्या घोड्यांच्या आडोशाला. जमिनीवरील शत्रूशी त्यांचा चाललेला सामना क्रूर असला तरी त्यात डावपेच आहेत, थट्टासुद्धा आहे. तीन विमाने येतात आणि सामना संपतो. होआकिन हा कोवळा पोरगा आधी पासिओनारियाची घोषणावाक्ये म्हणत असतो. बॉम्ब पडू लागताच तो मरियेच्या प्रार्थनेवर येतो. विमान गेल्यावर लेफ्टनंट बेरेंदो टेकडीवर चढतो, बेशुद्ध होआकिन अजून जिवंत असल्याचे पाहतो, क्रूसाची खूण करतो आणि पिस्तुलाने त्याला संपवितो. सोर्दोने सकाळी जखमी घोड्याला ज्या जपणुकीने मारले होते त्याच जपणुकीने, असे निवेदक सांगतो. विमानाने जे अर्धवट सोडले ते पिस्तुलाला पुरे करावे लागते. वैमानिकाला होआकिन दिसलेला नाही. बेरेंदोला दिसला आहे, आणि म्हणून त्याला क्रूसाची खूण करावी लागते. बेरेंदो शत्रुपक्षाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे लेखकाची निःपक्षपाती दृष्टी किती दूर पोहोचली होती ते कळते.

तथापि, पक्ष निवडून विमानाला दोषी ठरविण्याइतकी ही कादंबरी सोपी नाही. पूल कधी उडवायचा, याची जॉर्डनला दिलेली खूण म्हणजे त्याच्याच बाजूच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बचा आवाज. आपली विमाने येतील याची तोही वाट पाहतो.

आणि लेखक स्वतः? १९४४ मध्ये ‘कोलिअर्स’ साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून तो लंडनमध्ये होता. ब्रिटिश हवाई दलाच्या मिचेल आणि मॉस्किटो विमानांतून त्याने उड्डाणे केली. ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेला उडत्या बॉम्बविषयीचा लेख वाचनीय आहे, टेम्पेस्ट विमानाचे वर्णन तर उत्तमच; पण त्यात विमान हे स्त्री आणि घोडा यांच्याहूनही मोहक असल्याचे जे सांगितले आहे, ते वाचून आठव्या प्रकरणाचा लेखक कुठे गेला असा प्रश्न पडतो. छंदिष्टाचा सूर परत आला आहे. खाली काय झाले हे विमानातून दिसत नाही, आणि लेखातही दिसत नाही. विमानात बसल्यावर लेखणीलाही ते अंतर सोयीचे झाले, असे म्हणावे लागते. युद्धवार्ताहरावर सेन्सॉरची बंधने असतात, हे मान्य. परंतु बंधनाने मौन येते, उल्हास येत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) वाचावी. पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये ‘एका कोळियाने’ या नावाने तिचे मराठी रूपांतर केले. ते नाव ऐकताच मराठी वाचकाला शाळेतील कवितेतला, पडून पुन्हा चढणारा कोळी आठवतो. कोळी या शब्दाच्या दोन्ही अर्थांचा तो खेळ पु. लं.च्या प्रतिभेला साजेसाच आहे. पण या खेळाने एक केले. कादंबरी आधीच चिकाटीच्या बोधकथेकडे झुकलेली होती, ती मराठीत पूर्णपणे तिकडे कलली. आपल्या वर्गांतूनही पराभव आणि विनाश यांतील भेद सांगणारे सांतियागोचे वाक्य पाठ करून घेतले जाते आणि त्याच्या हातात काय आहे याकडे दुर्लक्ष होते. हातात आहे दोरी. पाठीवरून घेतलेली, तळहात कापणारी दोरी. दुसऱ्या टोकाचा मासा अठरा फुटांचा आहे हे डोळ्यांना कळण्यापूर्वी कितीतरी तास हातांना कळलेले असते. पहिल्या शार्कबरोबर हार्पून जाते. मग वल्ह्याला बांधलेला सुरा, मग दांडके, शेवटी सुकाणूचा दांडा. बंदूक कुठेही नाही.

हे अभाव म्हणून नोंदवावेसे वाटते, कारण लेखक स्वतः शार्कना बंदुकीने मारीत असे. १९३५ च्या त्याच मोसमात बिमिनीजवळ त्याने थॉम्सन सबमशीनगन मिळविली होती आणि ती शार्कवर चालविली होती. सांतियागोच्या कथेचे बीज एप्रिल १९३६ च्या ‘एस्क्वायर’ पत्रात अवघ्या काही ओळींत आहे. कोळी वल्ह्याने शार्कना बडवितो आणि सापडतो तेव्हा वेड्यासारखा रडत असतो. दरिद्री क्यूबन कोळ्याजवळ बंदूक नसणार, हे वास्तवाला धरूनच आहे. परंतु असा नायक निवडणे हा लेखकाचा निर्णय आहे.

विमान मात्र या छोट्या कादंबरीतही आहे. मायामीकडे जाणारे एक विमान म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जाते. त्याच्या सावलीने उडते मासे बिचकतात. एवढ्या उंचीवरून समुद्र कसा दिसत असेल, असे म्हाताऱ्याच्या मनात येते, आणि मग त्याची इच्छा उमटते ती अशी, की आपण फार हळू, दोनशे वावांच्या उंचीवरून उडावे आणि मासे वरून पाहावे. वाव हे खोली मोजण्याचे माप. तो उंची खोलीच्या मापाने मोजतो. विमानाने निर्माण केलेले अंतर कोळ्याच्या मापात परत आणण्याचा हा प्रयत्न आहे. १९४० मध्ये शार्कची उपमा विमानाला पुरली नव्हती. १९५२ मध्ये तो प्रश्न दुसऱ्या बाजूने घेतलेला दिसतो. येथे विमानाला मासा म्हटलेले नाही. कोळीच विमानात बसतो, पण आपल्या गतीने, आपल्या मापाने, मासे दिसावेत एवढ्याचसाठी.

ही कादंबरी मुळात समुद्रविषयक एका मोठ्या ग्रंथाचा अखेरचा भाग म्हणून कल्पिलेली होती. त्या ग्रंथाचा उरलेला भाग ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ या नावाने १९७० मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यातील बिमिनीच्या प्रकरणात पोहणाऱ्या लहान डेव्हिडकडे हातोडीच्या डोक्याची शार्क झेपावते. बाप थॉमस हडसन बोटीवरून मॅनलिखर रायफलीने गोळ्या झाडतो आणि चुकतो; स्वयंपाकी एडी थॉम्सन चालवितो आणि मुलगा वाचतो. थोड्याच पानांनंतर तोच डेव्हिड एका प्रचंड तलवार माशाशी तासन्‌तास झुंजतो, हातापायांतून रक्त येईपर्यंत, आणि मासा शेवटच्या क्षणी निसटून खोल जातो. पहिल्या प्रसंगाविषयी मुलगा फारसे बोलत नाही. दुसऱ्याविषयी तो सांगतो की दमणूक पराकोटीची झाली, तेव्हा मासा कोण आणि आपण कोण हे त्याला कळेनासे झाले होते.